जुनी तलवार हाती घेताना: नवख्या संग्राहकासाठी पायरीपायरीने

खंडेनवमी जवळ आली की फोटो यायला लागतात. पाटावर ठेवलेली तलवार, पात्यावर कुंकवाची बोटं, मुठीशी झेंडूचं फूल, आणि खाली एकच प्रश्न: "ही शिवकालीन आहे ना?"

या प्रश्नाला फोटोवरून उत्तर देता येत नाही. तलवार हातात घेऊन, उजेडात फिरवून, तेलाच्या फडक्याने पुसून हळूहळू वाचावी लागते. हे वाचन कुणालाही शिकता येतं. त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही. एक भिंग, एक टेप, एक वही आणि सवड लागते. जुन्या हत्यारांचा नाद नुकताच लागलेल्यांसाठी, किंवा घरात वडिलोपार्जित तलवार आहे पण तिच्याबद्दल काहीच ठाऊक नाही अशांसाठी हे लिहितोय. भर आपल्याकडच्या तलवारींवर आहे. बाकीच्या आशियातली हत्यारंही आपल्याकडच्या संग्रहांत भेटतात, त्यांच्याबद्दल पुढे थोडक्यात.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करा. तलवारीला जन्म दोन असतात, एक पात्याचा आणि एक मुठीचा. दोन्हींच्या तारखा, गावं, कारागीर वेगळे असू शकतात, आणि बहुतेक वेळा असतातच. मूठ लाखेने बसवलेली असते. लाख तापवली की ती सुटते आणि दुसऱ्या पात्यावर चढते. चांगलं पातं तीन पिढ्या चाललं तर तेवढ्या काळात मूठ दोनदा बदलली असेल. म्हणून "ही तलवार किती जुनी?" असं विचारू नका. पातं किती जुनं, मूठ किती जुनी, आणि दोघं एकत्र कधी आली, असे तीन प्रश्न विचारा.

आधी धरायला शिका

म्यानातून तलवार काढताना बहुतेक जण म्यान मुठीत आवळून धरतात. हे करू नका. जुन्या म्यानाच्या लाकडी फळ्या धारेच्या बाजूला सुटलेल्या असतात, वरचं कातडं किंवा मखमल तेवढी शाबूत दिसते. पातं ओढताना धार त्या फटीतून बाहेर येते आणि बोटं कापते. म्यान पाठीच्या बाजूने, म्हणजे पात्याची बोथट बाजू जिकडे आहे तिकडून, तळहातावर आडवं धरा. बोटं धारेच्या बाजूला वळवू नका. पातं अडलं तर हिसका देऊ नका. आत गंज धरलेला असतो, तेव्हा थोडं पुढेमागे करत काढा.

दुसरी गोष्ट, तलवार फिरवून पाहू नका. लाख वाळून ठिसूळ झालेली असते आणि मुठीत शिरलेला पात्याचा शेपटा गंजून कमजोर झालेला असू शकतो. पातं मुठीतून सुटून समोरच्याच्या अंगावर जाऊ शकतं. पातं वाकवून "लवचीक आहे का" हे बघणंही तितकंच वाईट. दोनशे वर्षांचं पोलाद मोडलं की मोडलं.

उघड्या हाताने पात्याला हात लावू नका. घामाच्या बोटांचे ठसे दोन-तीन दिवसांत गंजाच्या रूपात उमटतात, ते मग सहज जात नाहीत. साधे रबरी हातमोजे पुरे.

कायद्याचं आधी, हौसेचं नंतर

हा भाग रुक्ष आहे, पण टाळू नका. शस्त्र कायदा १९५९ सालचा आणि सध्याचे शस्त्र नियम २०१६ सालचे. तलवारी, खंजीर, भाले, संगिनी, तसंच नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे ही सगळी शस्त्रंच धरली जातात. घरकाम, शेती, उद्योग यांसाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. अशी हत्यारं बनवायला आणि विकायला परवाना लागतो. नुसती बाळगायला परवाना लागतो की नाही, हे तुमच्या भागासाठी केंद्र सरकारची अधिसूचना आहे का यावर ठरतं. त्याशिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७व्या कलमाखाली वेळोवेळी मनाईहुकूम निघतात. तेव्हा तलवार घेऊन रस्त्याने जाणं, मग ती पूजेची का असेना, गुन्हा ठरू शकतं. आपल्या पोलीस ठाण्यात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत एकदा विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

शंभर वर्षांहून जुनी तलवार १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येते. अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना हवा, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या भाच्याला आजोबांची तलवार भेट म्हणून पाठवायचा विचार असेल तर तो इथेच थांबवा. मुठीला हस्तिदंत असेल तर वन्यजीव संरक्षण कायदाही लागू होतो. अशी वस्तू विकत घेऊच नका.

गडावर किंवा शेतात नांगरताना जमिनीतून काही निघालं तर? १८७८ चा भूमिगत धनाचा कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू जमिनीत सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. धातुशोधक यंत्र घेऊन गडांवर फिरणाऱ्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. त्यांच्याकडून एक पातं विकत घेतलंत की गडाच्या मातीतला एक पुरावा कायमचा पुसला जातो. ते कुठे, किती खोलीवर, कशाशेजारी पडलं होतं हे पुन्हा कुणालाच सांगता येत नाही.

पातं वाचायचं कसं

तलवार पांढऱ्या कापडावर आडवी ठेवा. खिडकीतला तिरपा उजेड उत्तम. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली काही दिसत नाही.

पहिल्यांदा आकार. पातं सरळ आहे की बाकदार? एकधारी की दुधारी? मुठीपासून पिपळ्यापर्यंत, म्हणजे टोकाकडच्या भागापर्यंत, रुंदी कमी होत जाते की शेवटी पुन्हा वाढते? पात्याच्या अंगावर पन्हळी, म्हणजे लांबीभर जाणारे खोलगट चर, किती, एक रुंद की दोन-तीन अरुंद? हे सगळं वहीत काढा. चित्रकला येत नसली तरी चालेल. कागदावर पातं ठेवून पेन्सिलीने बाह्यरेषा घ्या.

मग नावं. बाकदार, एकधारी, वाटीसारख्या गोल चकतीची मूठ असलेली ती आपली नेहमीची तलवार. सरळ, लांब, बहुधा एकधारी पात्याची ती धोप. सरळ पातं युरोपातून आलेलं असेल तर ती फिरंग. रुंद, दुधारी, टोकाकडे बोथट आणि पाठीला आधाराची पट्टी असलेला तो खांडा. कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या लोखंडी खोबणीचा आणि लांब लवचीक पात्याचा तो पट्टा. इराणी घाटाची, खूप बाकदार, टोकाकडे निमुळती होत जाणारी आणि पन्हळ नसलेली ती समशेर. ही नावं पक्क्या कप्प्यांसारखी नाहीत. जुन्या कागदांत एकाच हत्याराला दोन नावं सापडतात, त्यामुळे नावावरून भांडत बसू नका. वर्णन बिनचूक ठेवा.

आता मुठीलगतची दोन-तीन बोटं जागा पाहा. इथे धार बोथट ठेवलेली असेल, पातं थोडं जाड आणि चौकोनी असेल, तर ते हिंदुस्थानी पात्याचं जवळजवळ सहीसारखं लक्षण आहे. इराणी समशेरीच्या पात्यात असा बिनधारी भाग सहसा नसतो. त्यामुळे मूठ अगदी राजस्थानी आणि पातं मुळापासून धारेचं असलं, तर पातं बाहेरून आलेलं असण्याची शक्यता लगेच मनात आणा.

परदेशी पाती आपल्याकडे इतकी आली की त्यांना वेगळं नावच पडलं, फिरंग. जर्मनीतल्या झोलिंगेनची, इटलीतल्या जिनोव्हाची पाती पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांमार्फत सोळाव्या-सतराव्या शतकापासून येत राहिली. जिनोव्हाच्या पात्यांवर पापणीसारखी, समोरासमोर दोन विळ्यांची दातेरी खूण असे. तिला इतका मान होता की आपल्या लोहारांनीही ती आपल्या पात्यांवर ठोकायला सुरुवात केली. म्हणून विळ्याची खूण दिसली की "युरोपी पातं" असा शिक्का लगेच मारू नका. खूण दोन्ही बाजूंना सारखी आणि खोल आहे का, की हाताने वेडीवाकडी कोरली आहे, हे भिंगाखाली पाहा.

परदेशी पात्यात कमीपणा काही नाही. लंडनच्या राजसंग्रहातली, जगदंबा म्हणून ओळखली जाणारी तलवार कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सकडे गेली. तिचं पातं युरोपी आहे. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात घेतली. तिच्यावर रघुजींचं नाव आणि सेनासाहेबसुभा हा किताब देवनागरीत, सोन्यात आहे, आणि पुढे चक्क ‘फिरंग’ हा शब्द आहे. मालकाने स्वतःच पात्याचं कुळ लिहून ठेवलं. आपण ते लपवायचं कारण नाही.

जौहर: पोलादातलं पाणी

या विषयाचा माझा सगळ्यात आवडता भाग हा, म्हणून जरा रेंगाळतो.

काही जुनी पाती तिरप्या उजेडात धरली की पोलादात राखाडी-पांढरे धागे वाहताना दिसतात, जणू वाळूवरून ओहोटीचं पाणी उतरतंय. याला जौहर म्हणतात. हे नक्षीकाम नव्हे, ही पोलादाची स्वतःची घडण आहे. दख्खनेत आणि दक्षिणेत लोखंड बंद मुशीत, कोळशाच्या द्रव्यासह वितळवून पोलादाचे गोळे करत. तेलंगणातलं कोनसमुद्रम हे त्याचं मोठं ठिकाण. तिथला माल इराणपर्यंत जाई. कानडी-तेलुगूतल्या ‘उक्कु’ या शब्दावरून इंग्रजांनी त्याचा ‘वूट्झ’ केला, असं मानतात. या पोलादात कार्बन सुमारे दीड टक्का, म्हणजे साध्या पोलादाच्या मानाने खूपच. गोळा हळू थंड झाला, मग कमी आचेवर पुन्हा पुन्हा ठोकला, की कार्बाइडचे कण ओळींत बसतात आणि त्यातून ते धागे उमटतात. विजेच्या संशोधनासाठी ओळखला जाणारा मायकेल फॅरडे १८१९ च्या सुमारास याच पोलादाचं कोडं उलगडायला बसला होता. एकोणिसाव्या शतकात भट्ट्या विझल्या आणि ती करामत हरवली.

नवखा माणूस इथे सगळ्यात जास्त फसतो. म्हणून नीट पाहा. खरा जौहर बारीक असतो, अनियमित असतो, आणि पोलादाच्या अंगात असतो. पन्हळीच्या आत, पाठीवर, मुठीलगतच्या बोथट भागातही तो तसाच चालू राहतो. नखाने चाचपून लागत नाही. आजकाल दोन प्रकारचे नकली जौहर विकले जातात. एकात गुळगुळीत पात्यावर आम्लाने नक्षी उठवलेली असते: ती वरवर असते, एकाच नमुन्याची पुनरावृत्ती दिसते, आणि पाठीवर अचानक थांबते. दुसऱ्यात वेगवेगळी पोलादं थर लावून जोडलेली असतात. त्यात झेब्र्यासारखे ठळक काळे-पांढरे पट्टे दिसतात. थरांचं काम जुन्या काळातही होत असे, ती स्वतंत्र कला आहे, पण तिला जौहर म्हणून दुप्पट भाव मागितला तर मागे सरा.

आणि जौहर दिसला नाही म्हणून तो नाहीच असं धरू नका. वर्षानुवर्षं घासून चकचकीत केलेल्या पात्यात तो झाकला गेलेला असतो. तो बाहेर काढण्याचं काम जाणकाराचं. घरी आम्ल आणून प्रयोग करू नका.

मूठ

तलवारीची मूठ हातात घेतली की बहुतेकांना ती लहान वाटते आणि मग "पूर्वीचे लोक आपल्यापेक्षा बारीक होते" असं कुणीतरी म्हणतंच. मूठ मुद्दाम आवळ ठेवलेली असते. वरची चकती मनगटाला टेकते, खालचा आडवा भाग बोटांना, आणि हात जखडला जातो. अशी तलवार भोसकण्यासाठी कमी, खेचत कापण्यासाठी जास्त. आणखी एक गैरसमज वजनाचा. लढाईची तलवार साधारण एक किलोच्या आसपास भरते. पंधरा-वीस किलोच्या तलवारींच्या कथा ऐका, पण काटा जवळ ठेवा.

मुठीवर बोटांच्या बाहेरून वळणारी कमान म्हणजे परज. ती असते किंवा नसते. त्यावरून काळ ठरत नाही. मराठी मुठीत परज बहुधा रुंद, हाताला चांगलं झाकणारी. बागलाणातल्या मुल्हेरच्या कारागिरांवरून ‘मुल्हेरी’ मूठ हे नाव चालतं. राजस्थानात, पंजाबात, दख्खनेत मुठींचे घाट वेगळे. वाटीचा कल, चकतीच्या कडा, आडव्या बाहूंची टोकं या बारकाव्यांवरून प्रदेश सांगता येतो, पण त्यासाठी शेकडो मुठी पाहाव्या लागतात. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, साताऱ्याचं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय, कोल्हापूरचा न्यू पॅलेस, हैदराबादचं सालारजंग, जोधपूरचा मेहरानगड: वही घेऊन या ठिकाणी दोन-दोन दिवस काढा. एका दिवशी फक्त मुठी पाहा, दुसऱ्या दिवशी फक्त पाती.

मुठीवरच्या सोन्या-चांदीकडे भिंगातून पाहिल्याशिवाय काही बोलू नका. कोफ्तगरीत आधी लोखंडावर बारीक जाळीसारख्या आडव्या-उभ्या रेघा मारतात, मग त्या खरखरीत जमिनीवर सोन्याची तार किंवा वर्ख ठोकून बसवतात. सोनं जिथे झिजलंय तिथे त्या जाळीच्या रेघा उघड्या पडतात. त्या दिसल्या की काम हाताचं आहे हे नक्की. सोनेरी रंग किंवा मुलामा असेल तर झिजलेल्या जागी खाली नुसतं गुळगुळीत लोखंड किंवा पितळ निघतं.

एका घरातली तलवार

कोकणातल्या एका ओळखीच्या घरात तलवार होती. घरचे आप्पा सांगायचे, "आमचे पूर्वज पानिपतावर होते, ही त्यांचीच." पातं काळवंडलेलं, मूठ लोखंडी, परज रुंद, वाटीवर फुलांचं झिजलेलं काम. मूठ पाहून मलाही अठराव्या शतकाचा मध्य पटण्यासारखा वाटला. पण पातं खटकत होतं. एकच रुंद पन्हळ, आणि टोकाकडे पातं निमुळतं होण्याऐवजी कुऱ्हाडीच्या पात्यासारखं रुंद होत गेलेलं. लांबी मोजली तर जवळजवळ तेहतीस इंच.

आप्पांची परवानगी घेऊन पात्याच्या पाठीवर मशीनचं तेल चोळलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी फडक्याने पुसलं तर काळ्या थराखालून रोमन अक्षरं वर आली: रुंकेल, झोलिंगेन. रुंकेल म्हणजे इंग्रजांना झोलिंगेनची पाती पुरवणारा व्यापारी. इंग्रजी घोडदळासाठी १७९६ मध्ये ठरवलेल्या नमुन्याचं पातं. पानिपत १७६१ चं.

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आमची नाही?" मी त्यांना म्हटलं, "आप्पा, मूठ तुमच्या गोष्टीच्या काळातली असू शकते. पातं मात्र नंतर बदललंय. १८०३ ची इंग्रजांशी लढाई, १८१८ ला राज्य गेलं, त्या दिवसांत कुणीतरी जुनी मूठ टाकून न देता तिच्यात नवं पातं बसवलं. घरातलाच कुणीतरी असेल." त्या नमुन्याची पाती हिंदुस्थानात भरपूर आली आणि देशी मुठींत बसली, हे इतर संग्रहांतही दिसतं. आप्पांनी ती तलवार आता तशीच ठेवली आहे, पाठीवरची अक्षरं दिसतील अशी.

अक्षरं, अंक आणि शिक्के

पात्यावर लिहिलेलं खरंच असतं असं नाही. इराणी आणि इराणी धाटणीच्या असंख्य पात्यांवर ‘असदुल्ला इस्फहानी’ हे नाव असतं. इतकी पाती एका माणसाच्या हयातीत होणं शक्यच नाही. ते नाव पुढे दर्जाचा शिक्काच झालं. चौकोनाचे चार भाग करून त्यांत ८, ६, ४, २ असे अंक फारसी लिपीत असतील, तर ती तारीख नव्हे. अरबी अक्षरांना अंकांची मूल्यं असतात. ते अंक ‘बदूह’ या शब्दाच्या अक्षरांचे, आणि तो रक्षणाचा ताईत. हौशी लोक त्यातून साल काढू पाहतात.

साल लिहिलेलंच असेल तर आधी ते कोणत्या गणनेतलं हे ठरवा. विक्रम संवतातून ५७ वजा, शालिवाहन शकात ७८ मिळवा. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की जवळचं इसवी साल येतं: हिजरी ११०० म्हणजे सुमारे १६८९.

शस्त्रागाराच्या नोंदी हा मोठा आधार. बिकानेरच्या शस्त्रागारातल्या हत्यारांवर ठिपके ठोकून लिहिलेली देवनागरी अक्षरं आणि अंक असतात. त्यांतली काही हत्यारं महाराजा अनूपसिंहांनी १६८९ मध्ये दख्खनेतल्या अदोनीच्या किल्ल्यातून नेलेली, म्हणजे आपल्याकडच्याच कारागिरीची. पण ठिपके ठोकणं सोपं आहे, त्यामुळे नकलाही होतात. ठिपक्यांच्या खळग्यांत आसपासच्यासारखाच जुना काळा थर हवा. आत चकचकीत धातू दिसला तर ते काल ठोकलेत.

थोर माणसाचं नाव असेल तर आणखी सावध राहा. साताऱ्यात २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून वाघनखं आली, तेव्हा ती शिवछत्रपतींचीच असल्याची खात्री देता येत नाही, हे खुद्द त्या संग्रहालयाने सांगितलेलं आहे. पेटीवर लेख असूनही इतकी सावधगिरी बाळगली जाते, तर बाजारातल्या वाघनखांबद्दल वेगळं काय सांगू?

नवीन माल जुना कसा करतात

जुना गंज काळसर-तपकिरी, पात्याला घट्ट चिकटलेला, कुठे जास्त कुठे कमी. आम्लात बुडवून आणलेला गंज नारिंगी, भुकटीसारखा, आणि सगळीकडे सारखा. खड्डेही देवीच्या व्रणांसारखे एकसारखे पसरलेले. अशा पात्याचा मुठीत शिरणारा कोपरा पाहा. तिथे जुनी लाख काळी-तपकिरी, ठिसूळ, कडेला तडकलेली दिसते. नव्या मालात गोंदासारखा पारदर्शक किंवा राखाडी थर असतो. चकतीवर नट-बोल्ट असेल तर बोलणंच संपलं.

ग्राइंडरच्या रेघा समांतर आणि सरळ जातात. हाताने घासलेल्या पात्याला त्या तशा नसतात. ओतीव मुठीवर बारीक पुरळ आणि साच्याची कड दिसते. मात्र लोखंडी मूठ दोन भाग जोडून केलेली असली तर सांध्यावर पिवळसर डाखाची रेघ येते. ती खरीच असते, तिला घाबरू नका. कात्रीसारख्या उघडणाऱ्या कट्यारी फार आकर्षक वाटतात. त्या बहुतेक एकोणिसाव्या शतकातल्या किंवा नंतरच्या शोभेच्या वस्तू.

शेजारच्या मुलखांतली हत्यारं

जपानी तलवारीत सगळं गुपित मुठीच्या आत दडलेलं असतं. बांबूची खुंटी काढली की मूठ निघते आणि पात्याचा गंजका शेपटा दिसतो. कारागिराची सही असलीच तर तिथे. त्या शेपटाचा गंज कधीही, कुठल्याही कारणाने साफ करू नका. त्याच्या रंगावरूनच वय ठरतं. १८७६ मध्ये जपानात सामुराईंना तलवार लावून चारचौघांत फिरायला बंदी झाली. दुसऱ्या महायुद्धातल्या अधिकाऱ्यांच्या तलवारी बऱ्याचशा कारखान्यातल्या.

इंडोनेशियाच्या क्रिसचं पातं मुळाशी एका बाजूला रुंद असतं, आणि वळणं असतील तर ती विषम संख्येत. जावात क्रिस लिंबाच्या रसात आणि संखियात, म्हणजे आर्सेनिकमध्ये, धुतात. त्याने पात्यावरची नक्षी उठते. क्रिस हाताळल्यावर हात साबणाने धुवा, आणि पोरांच्या हाती देऊ नका.

नेपाळची कुकरी, ब्रह्मदेशाची आडवा बाहू नसलेली दा, श्रीलंकेची सिंहमुखी मुठीची कस्ताने, कूर्गची रुंद आयुधकत्ती यांची ओळख बाह्याकारावरूनच पटते.

जपायचं कसं

खंडेनवमीला चिंच, लिंबू, राख लावून तलवार लखलखीत करायची प्रथा खूप घरांत आहे. त्या प्रेमाला मी नावं ठेवणार नाही, पण त्याने दर वर्षी थोडा इतिहास घासून जातो. पूजा करा, फूल वाहा. हळद-कुंकू आणि पाणी मात्र पात्याऐवजी पाटावर घाला, आणि संध्याकाळी पातं कोरड्या सुती फडक्याने पुसून तेलाचा हात द्या. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, गंज काढायचं रसायन, ग्राइंडर, यांतलं काहीही नको. शिकलगारांकडे पूर्वी पात्याला झिलई देण्याचं विलक्षण कसब होतं. आज यंत्राच्या पट्ट्यावर धार लावणाऱ्याकडे जुनं पातं देऊ नका.

सुटा लाल गंज असेल तर मशीनचं तेल लावून एक-दोन दिवस ठेवा, मग हाडाच्या किंवा बांबूच्या पट्टीने हळू खरवडा. काळा घट्ट थर राहू द्या. मूठ सैल असली तर विस्तवावर धरू नका. लाख वितळताना सोन्याचं काम जातं.

पावसाळ्यात तलवार म्यानात ठेवू नका. लाकूड आणि कातडं दमट हवा धरून ठेवतात. म्यान वेगळं, पातं वेगळं, दोन्ही सुती कापडात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. म्यानाची मोहनाळ आणि तहनाळ, म्हणजे तोंडाची आणि टोकाची धातूची टोपणं, निघाली असतील तर चिठ्ठी लावून त्याच पिशवीत ठेवा. ती हरवली की पुन्हा मिळत नाहीत.

विकत घेण्यापूर्वी

पहिलं वर्षभर काही घेऊ नका. पाहा, मोजा, लिहा. घ्यायची वेळ आली की दहा फुटकळ वस्तूंपेक्षा एक बरी घ्या, आणि तीही परवानाधारक विक्रेत्याकडून, पावतीसह. फोटोवरून व्यवहार असेल तर पूर्ण लांबीचे दोन्ही बाजूंचे, पाठीचा, टोकाचा, पातं मुठीत शिरतं त्या जागेचा आणि मुठीवरच्या चकतीचा फोटो मागा. शेवटचे दोन द्यायला टाळाटाळ झाली तर व्यवहार सोडा.

वस्तू घरी आली की त्याच दिवशी नोंद करा. पात्याची लांबी सरळ रेषेत, मुठीलगतची रुंदी आणि जाडी, वजन, अक्षरांचे फोटो, कुणाकडून, कधी, किती रुपयांना. विक्रेत्याने किंवा घरच्यांनी सांगितलेली गोष्टही जशीच्या तशी लिहा, पण ‘सांगितलेलं’ म्हणून वेगळ्या रकान्यात. कागदाचा एक तुकडा वस्तूबरोबर, दुसरी प्रत वहीत. पात्यावर स्टिकर चिकटवू नका. नोंदीचा क्रमांक जाड कागदावर लिहून सुती दोऱ्याने परजेला बांधा.